संधिपाद प्राणी आणि आपलं आरोग्य : ‘स्वच्छता ठेवा’च्या पुढचा धडा



पावसाळा सुरू झाला की परिसर अभ्यासाच्या तासाला एक प्रश्न हमखास येतो. डेंग्यू, मलेरिया कशामुळे होतो? मुलांचं उत्तरही ठरलेलं असतं, ‘अस्वच्छतेमुळे.’ आणि उपाय विचारला तर, ‘परिसर स्वच्छ ठेवावा.’ पेपरात या उत्तराला गुण मिळून जातात. पण डेंग्यूच्या बाबतीत हे उत्तर अपुरं आहे, किंबहुना दिशाभूल करणारं आहे. डेंग्यू पसरवणारा डास गटारात नाही, तर आपण जपून भरून ठेवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

या उत्तराचे दोन तोटे होतात. एक म्हणजे, ज्या घरात रोज लादी पुसली जाते त्या घराला वाटतं की आपल्याला धोका नाही. दुसरा तोटा मला जास्त गंभीर वाटतो. ज्या मुलाला डेंग्यू झाला किंवा ज्या मुलीच्या डोक्यात उवा सापडल्या, त्यांच्यावर ‘घाणेरडे’ असा शिक्का बसतो. आमच्या कांजूरमार्गात चाळी आहेत, डोंगरउतारावरची घरं आहेत आणि उंच टॉवरही आहेत. एकाच वर्गात तिन्हीकडची मुलं बसतात. तिथे हा शिक्का किती पटकन बसतो हे आपल्याला माहीतच आहे.

म्हणून हा पाठ कसा घेता येईल ते इथे मांडते. इयत्ता तिसरी ते पाचवीसाठी तो सहज घेता येईल आणि पालकांनाही घरी उपयोगी पडेल.

संधिपाद म्हणजे कोण?

‘संधी’ म्हणजे सांधा आणि ‘पाद’ म्हणजे पाय. ज्यांच्या पायांना सांधे असतात आणि अंगावर कडक कवच असतं, ते संधिपाद प्राणी. जगातल्या ज्ञात प्राण्यांच्या जातींपैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त जाती याच संघातल्या आहेत. वर्गात सांगताना पाय मोजायला लावावेत. मुलांना ते फार आवडतं.

- सहा पाय : कीटक. डास, माशी, झुरळ, मुंगी, मधमाशी, ऊ, ढेकूण, पिसू.
- आठ पाय : कोळी, विंचू, गोचीड आणि खरजेचा बारीक किडा.
- दहा पाय : खेकडा, कोळंबी.
- पुष्कळ पाय : घोण आणि पावसात भिंतीवर दिसणारा पैसा, म्हणजेच वाणी.

कोळी हा कीटक नाही हे मोठ्यांनाही नवीन असतं. आणि रविवारी बाजारातून आणलेली कोळंबी ही डासाची लांबची नातेवाईक आहे, हे ऐकून वर्गात जो गोंधळ होतो तो होऊ द्यावा! काही जणांना कोळंबी खाल्ली की अंगावर पित्त उठतं. अशा काहींना झुरळांचा आणि धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचाही त्रास होतो. या सगळ्यांच्या शरीरात एकसारखं प्रथिन असतं, हे त्याचं एक कारण.

चार प्रश्न फळ्यावर लिहा

कुठलाही संधिपाद घ्या आणि मुलांना हे चार प्रश्न विचारा.

१) तो कुठे राहतो आणि अंडी कुठे घालतो?
२) तो काय खातो?
३) अंड्यापासून मोठा व्हायला त्याला किती दिवस लागतात?
४) तो आपल्याजवळ कसा आणि कधी येतो?

उपाय या चार उत्तरांतूनच निघतो. प्राणी बदलला की उपाय बदलतो. ‘स्वच्छता’ हा शब्द काही ठिकाणी बरोबर बसतो, काही ठिकाणी मुळीच बसत नाही. हे मुलांना स्वतः शोधू द्यायचं, एवढाच या पाठाचा गाभा आहे.

तीन डास, तीन सवयी

मुलं ‘डास’ म्हणून एकच प्राणी ओळखतात. मुंबईत आपल्याला तीन तरी वेगळे ओळखायला हवेत.

एडिस : काळा, अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे. डेंग्यू आणि चिकनगुनिया हा पसरवतो. स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. ड्रम, पिंप, कुंडीखालची थाळी, फ्रीजच्या मागचा ट्रे, छपरावर टाकलेली ताडपत्री, जुना टायर, नारळाची करवंटी, काहीही चालतं. हा दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळ होण्याआधी जास्त.

ॲनॉफिलिस : मलेरिया पसरवणारा. शहरातली त्याची जात विहिरीत, इमारतीच्या टाकीत आणि बांधकामाच्या ठिकाणी साठलेल्या पाण्यात वाढते. रात्री चावतो. भिंतीवर बसताना शेपटीकडची बाजू वर करून तिरका बसतो.

क्युलेक्स : गटाराच्या, घाण पाण्यात वाढतो. रात्री कानाशी गुणगुणणारा बहुतेक वेळा हाच. हत्तीरोग पसरवतो. विदर्भात चंद्रपूर, गडचिरोलीकडे या रोगाच्या गोळ्या वाटण्याची मोहीम त्यासाठीच असते.

आता मुलांना विचारा, तिघांपैकी गटार साफ केल्याने कोण कमी होईल? फक्त क्युलेक्स. गटार साफ करायलाच हवं, पण ते करून डेंग्यू थांबला असं समजायचं नाही. तिन्ही प्रकारांत चावते ती फक्त मादी, कारण अंड्यांसाठी तिला रक्त लागतं, हेही सांगा.

एक गोष्ट आपण शिक्षकांनी लक्षात ठेवायची. एडिस दिवसा चावतो, म्हणजे मुलं शाळेत असतात त्या वेळेत. सकाळचं अधिवेशन असो वा दुपारचं. घरी मच्छरदाणी लावून मूल सुरक्षित ठेवलं, पण शाळेच्या गच्चीवर मोडकी बाकं आणि उघडी बादली पावसात पडून राहिली, तर उपयोग काय? डेंग्यूचा पाठ शिकवण्याआधी शाळेच्या आवारात एक फेरी मारावी.

सात दिवसांचं गणित

‘आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा’ हे आपण फलकावर वाचतो. आठवड्यातूनच का? महिन्यातून एकदा का नाही? हा प्रश्न मुलांना टाका.

एडिसची अंडी पाण्यात दोन-तीन दिवसांत फुटतात. अळी साधारण चार-पाच दिवस वाढते. मग दोन दिवस कोषात राहून डास उडतो. पावसाळ्याच्या उबदार हवेत हा सगळा प्रवास ७ ते १० दिवसांत होतो. अळीला पंख नाहीत, ती पाण्याबाहेर जगत नाही. म्हणजे सातव्या दिवसाच्या आत पाणी मोडलं, तर एकही डास उडणार नाही. महिन्यातून एकदा मोडलं, तर मधल्या तीन पिढ्या उडून गेल्या.

इथे गणिताचा तासही जोडता येतो. एक मादी एका वेळी साधारण १०० अंडी घालते. त्यातल्या ५० माद्या धरल्या आणि प्रत्येकीने पुन्हा १०० अंडी घातली, तर दुसऱ्या पिढीत किती? ५,०००. सगळी जगत नाहीत हे खरं, पण आकडा पाहून मुलांना ‘एक वाटी पाणी’ म्हणजे काय ते कळतं. शिवाय हा डास फार लांब उडत नाही, जन्मला त्या गल्लीच्या आसपासच फिरतो. आपल्या घरात चावणारा एडिस बहुधा आपल्या किंवा शेजारच्या घरातच वाढलेला असतो.

धूरफवारणीची गाडी आली की मुलं मागे धावतात आणि मोठ्यांना समाधान वाटतं. पण धुराने उडणारे डास मरतात, ड्रममधल्या अळ्या तशाच राहतात. दोन दिवसांनी त्यांचे डास होतात. धूर पाहून निर्धास्त होऊ नये, आणि धुरात मुलांना खेळू तर मुळीच देऊ नये.

ज्या घरात पाणी ओतून देता येत नाही

हा भाग पुस्तकात नसतो, पण आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचा आहे. कोरडा दिवस शिकवताना चौथीच्या एका मुलीने विचारलं, “बाई, आमच्याकडे पाणी सकाळी दीड तासच येतं. ड्रम ओतला तर दिवसभर काय वापरायचं?”

प्रश्न अगदी रास्त आहे. उतारावरच्या घरात एक ड्रम भरायला आई पहाटे उठते. तिला ‘पाणी ओतून द्या’ सांगणं म्हणजे तिच्या कष्टावर पाणी ओतणंच. म्हणून पुन्हा चार प्रश्नांकडे जाऊ या. एडिस अंडी नेमकी कुठे घालतो? पाण्यात नाही, तर पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ड्रमच्या ओलसर भिंतीवर चिकटवतो. ही अंडी कोरड्या अवस्थेत कित्येक महिने टिकतात. रोज वरून पाणी भरत राहिलो की पातळी वर चढते, अंडी भिजतात आणि फुटतात. नुसतं पाणी काढून ड्रम लगेच परत भरला तरीही तेच होतं.

यातून जमण्यासारखे उपाय निघतात.

- सगळे ड्रम एकदम रिकामे करू नका. वारी लावा. सोमवारी एक, गुरुवारी दुसरा. ज्याची वारी आहे त्याचं पाणी आदल्या दिवशी कपडे-भांड्यांना वापरून संपवा.
- रिकामा ड्रम आतून काथ्याने किंवा ब्रशने घासा, विशेषतः वरचा भाग. घासलेलं पाणी मोरीत न टाकता शक्य असेल तर कोरड्या जमिनीवर टाका.
- झाकण सैल असेल तर जुन्या धोतराचं किंवा साडीचं भोक नसलेलं कापड दोरीने घट्ट बांधा. मादी आत शिरली नाही तर अंडीच पडणार नाहीत.
- इमारतीत राहणाऱ्यांनी गच्चीवरच्या टाकीचं झाकण आणि ओव्हरफ्लोच्या पाइपची जाळी पाहावी. महापालिकेच्या कीटकनाशक खात्याचे कर्मचारी टाकी तपासायला आले तर दार उघडावं, वॉचमनकडून परत पाठवू नये.

यात पाणी वाया जात नाही आणि कुणाला कमीपणाही येत नाही. ताप आला तर मात्र घरगुती अंदाज बांधू नये. डॉक्टरांना दाखवावं, रक्त तपासावं, आणि ॲस्पिरिन, आयब्रुफेनसारख्या गोळ्या मनाने देऊ नयेत. डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, खूप सुस्ती यांपैकी काही दिसलं तर थेट रुग्णालय गाठावं.

उवा : न बोलता दुखावणारा विषय

उवा केसांच्या स्वच्छतेवर अवलंबून नसतात. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की ती चालत दुसरीकडे जाते. मुली जवळ बसून खेळतात, एक फणी वापरतात, एवढं कारण पुरतं. रोज न्हाणाऱ्या मुलीलाही उवा होतात. डोक्यातल्या उवांनी रोग पसरत नाही. खाज सुटते, झोप मोडते आणि अभ्यासात लक्ष लागत नाही, हा खरा त्रास.

इथेही दिवसांचं गणित आहे. लिखा साधारण आठवड्याभरात फुटतात. औषधाने उवा मेल्या तरी लिखा उरतात, म्हणून ७ ते १० दिवसांनी औषध पुन्हा लावायचं आणि मधल्या काळात बारीक दातांच्या फणीने विंचरत राहायचं. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी पाहायचं, नाहीतर फिरून तेच.

शिक्षकांना विनंती, वर्गात नाव घेऊन सांगू नका, वेगळं बसवू नका. सगळ्या पालकांना एकच सूचना द्या. खरजेचंही तसंच आहे. ती त्वचेत शिरणाऱ्या आठ पायांच्या बारीक किड्यामुळे होते आणि घरातल्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घेतले तरच जाते.

जिथे ‘घाण’ हे उत्तर बरोबर आहे

माशीचं मात्र घाणीशी थेट नातं आहे. ती कचऱ्यात, शेणात अंडी घालते, आणि उन्हाळ्यात आठवड्या-दीड आठवड्यात नवी माशी तयार होते. तिला चावता येत नाही. अन्नावर लाळ ओकून ते पातळ करून ती शोषते, आणि पायांवरचे जंतू तिथेच ठेवून जाते. जुलाब, टायफॉइड असे पोटाचे रोग यातून पसरू शकतात. कांजूरमार्ग पूर्वेला खाडीच्या बाजूला शहराचा कचरा येतो, त्यामुळे आमच्या वर्गात माशीचा विषय निघाला की डंपिंगचा विषय निघतोच. मुलांना एवढं दाखवा की तिथे जाणारी पिशवी आपल्याच घरातून निघते. ओला-सुका कचरा वेगळा केला तर ओल्याचं खत होऊ शकतं आणि माशीला अंडी घालायला जागा कमी मिळते.

झुरळ रात्रीच्या उघड्या अन्नावर जगतं. त्याची विष्ठा आणि अंगाचा भुगा यांमुळे लहान मुलांचा दमा वाढू शकतो. ढेकूण मात्र पुन्हा वेगळा. त्याला घाण लागत नाही, फट लागते. खाटेच्या सांध्यात, गादीच्या शिवणीत तो महिनोन्महिने उपाशी राहू शकतो. तो रोग पसरवतो असं आढळलेलं नाही, पण झोप घालवतो. त्याच्यावर उकळतं पाणी, कडक ऊन आणि फटी बुजवणं हेच उपयोगी.

मुंबईने हा धडा एकदा शिकला आहे

कांजूरमार्गहून लोकलने मस्जिद स्टेशनला उतरलं की जवळच मांडवी. सप्टेंबर १८९६ मध्ये तिथे डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी मुंबईतला पहिला प्लेगचा रुग्ण ओळखला. रोग कशाने पसरतो हे तेव्हा ठाऊक नव्हतं. घाणीतून, दूषित हवेतून, अशीच समजूत होती. म्हणून गटारं जंतुनाशकाने धुतली, घरांना चुना मारला, सामान जाळलं, माणसांना जबरदस्तीने घराबाहेर काढलं. गरिबांच्या वस्त्यांना सगळ्यात जास्त झळ बसली. रोग थांबला नाही. तो पुण्यात पोचला आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचं निधन झालं.

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी प्रयोगाने दाखवलं की प्लेग उंदरावरच्या पिसूमुळे पसरतो. उंदीर मेला की त्याचं अंग थंड पडतं आणि पिसू दुसरं ऊबदार शरीर शोधते, मग ते माणसाचं का असेना. बऱ्याच जाणकारांना हे पटलं नाही. १९०५ पासून परळच्या प्लेग प्रयोगशाळेत तपास झाला. पिसवांना अडवणाऱ्या बारीक जाळीत ठेवलेले प्राणी वाचले आणि पिसवा पोचू शकल्या ते आजारी पडले, तेव्हा शंका फिटली. हीच प्रयोगशाळा आज हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेणारे डॉ. वाल्डेमार हाफकिन यांचं नाव तिला आहे.

त्याच १८९७ मध्ये, २० ऑगस्टला, सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी दिसले. हा दिवस जागतिक डास दिन म्हणून पाळतात. आपली शाळा तेव्हा सुरूच असते, या पाठासाठी त्याहून चांगला मुहूर्त नाही.

गावी जाताना

मे महिन्यात आमचा अर्धा वर्ग कोकणात असतो. सिंधुदुर्गात दोडामार्ग, सावंतवाडीकडे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. गोचिडीच्या चाव्यातून तो होतो आणि डिसेंबर ते मे हा त्याचा काळ. त्या भागात काजू-आंब्याच्या बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, आल्यावर अंग तपासावं, आणि मेलेल्या माकडाजवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावं.

लाल विंचवाचा दंश झाला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन हे साधं औषध अशा रुग्णांना देऊन असंख्य जीव वाचवले. जिथे आधी १०० पैकी ४० च्या आसपास रुग्ण दगावायचे, तिथे हे प्रमाण १ च्या जवळ आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण औषध वेळेत मिळायला हवं.

सगळेच शत्रू नाहीत

पाठ इथेच संपवला तर मुलं दिसेल तो किडा चिरडतील. म्हणून दुसरी बाजू सांगायलाच हवी. महाबळेश्वरजवळचं मांघर हे २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं, तिथली घरं मधमाश्यांवर चालतात. आपण जिला हाकलतो त्या माशीचा आंब्याच्या मोहोराच्या परागीभवनात मोठा वाटा असतो. चतुराची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खातात, कोळी जाळ्यात डास पकडतो. आपल्या खाडीतले खेकडे चिखलात बिळं करून तिवरांच्या मुळांपर्यंत हवा पोचवतात.

वर्गातले उपक्रम

१) पाय मोजा : चित्रं देऊन सहा, आठ, दहा आणि पुष्कळ पाय असे गट करायला सांगा.
२) अळी ओळखा : मोठ्यांच्या सोबतीने टॉर्चच्या उजेडात साठलेलं पाणी पाहा. अळी पृष्ठभागाला समांतर असेल तर ॲनॉफिलिस, डोकं खाली करून लटकत असेल तर एडिस किंवा क्युलेक्स. पाहून झालं की पाणी कोरड्या जमिनीवर ओता. अळ्या बाटलीत साठवू नका.
३) सात दिवसांचा तक्ता : प्रत्येक मुलाने घरातली पाण्याची भांडी मोजून कोणतं कधी घासलं त्याची खूण करावी. तक्त्यावर घराला गुण देऊ नका, फक्त खूण पाहा.
४) शाळेची फेरी : चार गट करून गच्ची, बाग, स्वच्छतागृह आणि अडगळ पाहावी व अहवाल मुख्याध्यापकांना द्यावा.

मूल्यमापनासाठी प्रश्न

- एका स्वच्छ घरात डेंग्यूचा रुग्ण आढळला. हे कसं शक्य आहे?
- धूरफवारणीनंतर दोन दिवसांनी पुन्हा डास का दिसतात?
- उवांचं औषध दुसऱ्यांदा का लावावं लागतं?
- कोळी कीटक का नाही?

पहिल्या प्रश्नाला मुलाने ‘ड्रमच्या भिंतीवर अंडी असतील, तो घासला नसेल’ असं लिहिलं, तर पाठ पोचला असं समजा. पालकहो, आज संध्याकाळी मुलाला सोबत घेऊन घरातली पाण्याची भांडी मोजा. किती निघतात ते पाहून तुम्हालाच आश्चर्य वाटेल.